टिपमन ९८ ची बॅरल बदलल्याने बॉल सरळ जातील का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट समजलाय का ते तुम्हाला कळेल. तुम्ही पिट्सबर्गला शिकताय, मित्रांबरोबर पेंटबॉल खेळायला लागलात आणि एका सीनिअरकडून वापरलेला टिपमन ९८ कस्टम हा मार्कर, म्हणजे पेंटबॉलची बंदूक, विकत घेतलात. पंधरा मीटरवर बॉल बरोबर लागतो. तीस मीटरच्या आसपास मात्र एक डावीकडे वळतो, पुढचा उजवीकडे, तिसरा डोक्यावरून निघून जातो. दुकानात सांगितलं की मूळची साडेआठ इंची बॅरल, म्हणजे पुढची नळी, काढून १४ इंची लाव. एक मित्र १६ इंचीच घे म्हणतो, दुसरा रायफलिंगवाली, म्हणजे आतून पिळदार खाचा असलेली. साठ-सत्तर डॉलर जाणार आहेत आणि विद्यार्थ्याच्या खिशाला ते जड आहेत. तर कोणती घ्यावी?

मी न्यू जर्सीत राहतो. सोळा वर्षं खेळतोय आणि त्यातली दहाएक वर्षं आमच्या फील्डवर सुट्टीच्या दिवशी मार्कर दुरुस्तीचं टेबल सांभाळतोय. टिपमन ९८ हा त्या टेबलावर सगळ्यात जास्त वेळा येणारा मार्कर. तो दणकट आहे, खोलायला सोपा आहे आणि बहुतेकांचा पहिला मार्कर तोच असतो. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो: सध्या कोणतीच बॅरल घेऊ नका. तुमची अडचण बॉल सरळ का जात नाही ही आहे. बॅरल हा त्यावर लोकांनी सुचवलेला एक उपाय आहे, आणि तुम्ही सांगितलेली लक्षणं पाहता तो पहिला उपाय नाही.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत. तुमच्या मार्करची टाकी सीओटूची (कार्बन डायऑक्साइडची) आहे की दाबलेल्या हवेची, पेंट, म्हणजे बॉल, फील्डवरचा घेता की बाहेरून आणता, मार्कर शेवटचा कधी उघडून पुसला होता, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यावर बरंच अवलंबून आहे. जिथे जिथे फरक पडतो तिथे सांगेन.

आधी बॉलकडे बघा. पेंटबॉल म्हणजे जिलेटिनची कॅप्सूल. औषधाच्या दुकानात कॉड लिव्हर ऑइलची मिळते तशीच, फक्त गोल आणि मोठी. बनवायचं तंत्रही तेच. नेल्सन पेंट कंपनीसाठी सुरुवातीचे बॉल आर. पी. शेरर ह्या औषधी कॅप्सूल बनवणाऱ्या कंपनीनेच तयार केले होते. जिलेटिनच्या दोन पट्ट्या फिरत्या साच्यांमध्ये समोरासमोर येतात, मधे रंग भरला जातो, दोन्ही बाजू चिकटतात आणि मग बॉल वाळवतात. त्यामुळे प्रत्येक बॉलला जोडाची एक रेघ असते आणि तो शंभर टक्के गोल कधीच नसतो. व्यास नावाला ०.६८ इंच, म्हणजे साधारण १७.३ मिलिमीटर. वजन तीन ग्रॅमच्या आसपास.

आणि तो बनवला कशासाठी होता? जंगलात कोणती झाडं तोडायची त्यांच्यावर लांबूनच खूण करता यावी, गुरांच्या कळपातली जनावरं रंगवून ओळखता यावीत, यासाठी. १९८१ च्या जूनमध्ये न्यू हॅम्पशरमधल्या हेनिकरच्या रानात बारा जणांनी नेल-स्पॉट ००७ हे झाडं रंगवायचे मार्कर घेऊन पहिला खेळ खेळला. जिंकला तो जंगलात काम करणारा एक फॉरेस्टर, आणि त्याने एकही बॉल मारला नव्हता. ही गोष्ट मी नव्या खेळाडूंना मुद्दाम सांगतो. ह्या बॉलकडून झाडाच्या बुंध्यावर ठिपका उमटवण्याइतकी अचूकता अपेक्षित होती. चाळीस मीटरवरच्या माणसाचा हात टिपायची अपेक्षा आपण नंतर त्याच्यावर लादली.

आता उड्डाण. बहुतेक फील्डवर वेगाची मर्यादा सेकंदाला २८० फूट असते, म्हणजे ८५ मीटर. काही ठिकाणी ३०० फूट. बॉल हलका, अंगाने मोठा आणि गोल असल्यामुळे हवा त्याला फार लवकर अडवते. तीस मीटर जाईपर्यंत त्याचा वेग जवळजवळ निम्मा झालेला असतो. तेवढ्या अंतराला त्याला साधारण अर्धा सेकंद लागतो आणि त्या अर्ध्या सेकंदात तो मीटरभर खाली येतो. ह्या प्रवासात त्याला दिशा देणारं काहीच नसतं. बॉल थोडासा जरी स्वतःभोवती फिरत सुटला तरी तो त्या फिरण्याच्या दिशेने वाहत जातो, स्पिनरचा चेंडू हवेत वाहतो तसा. एका बाजूला खळगा, सुरकुती किंवा ओल असेल तर त्या बाजूची हवा वेगळी वागते. गल्लीत टेनिस बॉलने खेळताना चेंडू एका बाजूने ओला झाला की तो हवेत कसा भरकटतो हे तुम्ही पाहिलं असेलच. इथे तेच होतं, फक्त कितीतरी जास्त वेगाने.

बॉल बॅरलमध्ये असतो तो सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी वेळ. एवढ्या वेळात बॅरलने तीन गोष्टी करायच्या: बॉल सरळ दिशेने सोडायचा, सुटताना त्याला वेडावाकडा पीळ द्यायचा नाही, आणि प्रत्येक बॉल शक्य तितक्या सारख्या वेगाने बाहेर काढायचा. आतून गुळगुळीत, स्वच्छ आणि न वाकलेली कोणतीही नळी पहिल्या दोन गोष्टी करते. तुमची मूळची बॅरलही करते. तिसऱ्या गोष्टीत चांगल्या बॅरलचा हात असतो, पण एकटीचा नाही.

हे मी कागदावरचं गणित म्हणून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी फील्ड बंद असलेल्या एका दिवशी मी आणि माझा एक मित्र, आम्ही एक ९८ लाकडी चौकटीत घट्ट आवळून बसवला आणि तीस मीटरवर जुन्या चादरी टांगल्या. पहिल्या चादरीवर मूळच्या बॅरलने मारले, दुसरीवर १४ इंची महागड्या बॅरलने. पेंट एकाच पिशवीतला, वेग दोन्ही वेळा क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावर, सारखा करून घेतलेला. मग बॅरल तीच ठेवून पेंट बदलला: तिसऱ्या चादरीवर त्याच आठवड्यात आलेला चांगला पेंट, चौथीवर गॅरेजमध्ये दोन महिने पडलेला. पहिल्या दोन चादरी शेजारी ठेवल्यावर कोपऱ्यातली खूण वाचल्याशिवाय कोणती कोणाची हे आम्हा दोघांनाही सांगता येईना. तिसऱ्या आणि चौथ्या चादरीतला फरक पार्किंगमधून दिसत होता. चौथ्या चादरीवर डाग एकत्र असे नव्हतेच. काही बॉल चादरीलाच लागले नाहीत. हा प्रयोगशाळेतला प्रयोग नव्हता हे मला मान्य आहे. पण त्या दिवसापासून टेबलावर आलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न बॅरलचा विचारत नाही, पिशवी दाखव म्हणतो.

म्हणून पेंटवर जरा जास्त बोलतो. जिलेटिन हवेतली ओल शोषून घेतं. पावसाळ्यात डबा उघडा राहिला की पापड सादळतात, तसेच बॉल सादळतात. ते फुगतात, मऊ पडतात, एकमेकांवर दाबून चपटे होतात. उलट कोरड्या थंडीत कवच ठिसूळ होतं आणि बॉल बॅरलमध्येच फुटायला लागतात. पिशवी बरेच दिवस एकाच बाजूवर पडून राहिली तर खालच्या बॉलना सपाट डाग पडतात. असा बॉल जगातली कोणतीही बॅरल सरळ सोडू शकत नाही. तुमचा पेंट तपासायला काही उपकरण लागत नाही. मूठभर बॉल ताटात किंवा टेबलावर ओता आणि हलकेच लोटा. चांगले बॉल सरळ घरंगळतात. खराब बॉल लंगडत जातात, मधेच दिशा बदलतात. एकेक बोटांत धरून फिरवा, जोडाची रेघ उंचवटा करून वर आली आहे का, खळगा आहे का बघा. चार-पाच बॉल डोक्याच्या उंचीवरून सिमेंटवर टाका. दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याला फुटले तर कवच ठीक. रबरासारखे उड्याच मारत राहिले तर पेंट सादळलाय किंवा मुळातच जाड कवचाचा, भाड्याच्या मार्करसाठी बनवलेला आहे.

बरीच फील्ड बाहेरचा पेंट आत आणू देत नाहीत. तसं असेल तर निवड तुमच्या हातात फारशी राहत नाही, पण काउंटरवर साधारण दोन-तीन दर्जे असतातच. सगळ्यात स्वस्त सोडून मधला घ्या. २,००० बॉलच्या एका खोक्यामागे जो फरक पडेल तो बॅरलच्या किमतीच्या मानाने थोडा आहे आणि चादरीवर तो दिसतो. खोकं सीलबंद आहे का, कधी आलं, हे विचारायला लाजू नका. उरलेला पेंट गाडीच्या डिकीत सोडू नका. उन्हाळ्यात डिकीत एक दुपार काढलेला पेंट मी कोणालाही वापरायला सांगणार नाही. घरात थंड, कोरड्या कपाटात ठेवा, पिशवीचं तोंड घट्ट बांधा, तीन-चार दिवसांनी पिशवी उलटी करत जा. आणि शक्यतो जितका लागेल तितकाच विकत घ्या.

दुसरी गोष्ट बॅरलची स्वच्छता. ही इतकी साधी आहे की लोक ती ऐकून सोडून देतात. एक बॉल आत फुटला की नळीच्या भिंतीला रंगाचा थर बसतो. पुढचा बॉल त्या थरावर एका बाजूने घासतो, पीळ घेऊन बाहेर पडतो आणि हमखास वळतो. तुमचे बॉल कधी डावीकडे, कधी उजवीकडे जातात म्हणालात. सकाळी पहिल्या खेळात ठीक जात होते आणि दुपारनंतर बिघडले असं होत असेल, तर मी नव्वद टक्के खात्रीने सांगेन की आत रंग आहे. बॅरल काढा, उजेडाकडे धरून आरपार बघा. आतून ती आरशासारखी दिसली पाहिजे. नळीतून ओढून रंग पुसायचा दोरीवाला पुल-थ्रू स्क्वीजी आठ-दहा डॉलरला मिळतो, तो नेहमी खिशात ठेवा. दिवस संपल्यावर कोमट पाणी आणि मऊ फडकं, नंतर पूर्ण कोरडी करा. ब्रीचमध्येही, म्हणजे बॅरल जिथे बसते तिथे, रंग साचतो. तोही पुसा. आणखी एक बारकावा: मार्करला टाकी जिथे जोडतात त्या जागी तेलाचे तीन-चार थेंब टाकणं ९८ ला आवश्यक आहे, पण काही जण धारच सोडतात. जादा तेल उडून बॅरलमध्ये येतं आणि तिथे रंगासारखाच त्रास देतं.

तिसरी गोष्ट वेगातला सारखेपणा, आणि इथे तुमच्या टाकीचा प्रश्न येतो. बॉल वर-खाली पडण्याचं मुख्य कारण वेग बदलणं हे असतं. मघाशी म्हटलं की तीस मीटरवर बॉल मीटरभर खाली येतो. आता एक बॉल २९० ने गेला आणि दुसरा २७० ने, तर नेम तोच असूनही दोघांच्या उंचीत १५ सेंटिमीटरच्या आसपास फरक पडतो. बंकरच्या, म्हणजे मैदानावरच्या आडोशाच्या, कडेने डोकावणारा मास्क तेवढाच असतो.

सीओटूच्या टाकीत वायू द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब पूर्णपणे तापमानावर अवलंबून असतो. २१ अंश सेल्सिअसला तो साधारण ५८ बार असतो, शून्य अंशाला ३५ बारच्या आसपास उतरतो. ९८ कस्टमला स्वतःचा रेग्युलेटर नाही. टाकीतला दाब जसा येईल तसा तो वापरतो. म्हणजे ऑक्टोबरमधल्या पिट्सबर्गच्या सकाळी तुम्ही वेग लावून घेतला, दुपारी ऊन पडलं, की वेग वाढलेला. सलग वीस-तीस बॉल मारले की द्रवाची वाफ होताना टाकी गार पडते, की वेग घटलेला. थंडीत हात लावून बघा, टाकीवर दव जमतं. ह्या वर-खाली होण्यावर बॅरल काहीही करू शकत नाही. दाबलेल्या हवेच्या टाकीला तिचा रेग्युलेटर असतो. आत ३,००० पीएसआय (बारसारखंच दाबाचं एकक) असो की १,०००, मार्करकडे ती ठरलेला दाबच सोडते, बहुतेक टाक्यांमध्ये ८०० च्या आसपास. तुमच्याकडे सीओटू असेल तर बॅरलसाठी काढलेले पैसे आधी ३,००० पीएसआयच्या साध्या ॲल्युमिनियमच्या टाकीत घाला. वापरलेली घेत असाल तर तिच्यावर ठोकलेली हायड्रो चाचणीची, म्हणजे पाण्याच्या दाबाने टाकी तपासल्याची, तारीख बघा. ॲल्युमिनियमच्या टाकीला ती दर पाच वर्षांनी करावी लागते, आणि तारीख उलटलेली टाकी कोणतंही जबाबदार फील्ड भरून देणार नाही, देऊही नये.

फील्डवर क्रोनोग्राफ असतोच. एकच बॉल मारून आकडा बघून पुढे जाऊ नका. दहा बॉल मारा, प्रत्येकामध्ये दोन-तीन सेकंद जाऊ द्या, आणि आकडे फोनवर लिहून ठेवा. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान यांच्यात सेकंदाला वीस फुटांच्या आत फरक असेल तर ९८ साठी ते चांगलं आहे. चाळीस-पन्नास असेल तर मार्कर काहीतरी सांगतोय. मागच्या बोल्टची (आत मागे-पुढे सरकणाऱ्या भागाची) रबरी ओ-रिंग कोरडी किंवा झिजलेली असते, किंवा स्प्रिंग थकलेली असते, किंवा बॉल लॅच गेलेला असतो.

बॉल लॅच ही रबराची छोटी जीभ. हॉपरमधून, म्हणजे बॉल भरायच्या वरच्या डब्यातून, पडलेला बॉल बोल्टच्या पुढे एकाच जागी थांबवायचं तिचं काम. ती झिजली की बॉल मार्कर खाली झुकवताच पुढे घरंगळतो. मग कधी बॉल बोल्टला टेकून असतो, कधी चार बोटं पुढे. प्रत्येक वेळी हवेचा धक्का वेगळा, वेग वेगळा. गेल्या वर्षी एक कॉलेजचा मुलगा माझ्याकडे आला. नवी बॅरल आधीच लावलेली, आणि तरी बॉल जवळच पडतात म्हणून हिरमुसलेला. उघडलं तर लॅच अर्धा झिजलेला. चार-पाच डॉलरचा तुकडा, दहा मिनिटांचं काम. दुपारी तो परत आला तो दहा बॉलचे आकडे दाखवायलाच. तुमचा मार्कर वापरलेला आहे, त्यामुळे हा तुकडा न बघताच बदला असं मी म्हणेन.

आता बोअर. बॅरलच्या चर्चेत खरा दम आहे तो इथे. बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास. बॉलपेक्षा तो मोठा असेल तर हवा बाजूने निसटते आणि किती निसटेल ते प्रत्येक बॉलगणिक बदलतं. फार लहान असेल तर बॉल दाबला जाऊन फुटतो. अडचण ही की बॉलचा व्यास कंपनीप्रमाणे, खोक्याप्रमाणे, हवामानाप्रमाणे बदलतो. एकाच पिशवीतही सगळे सारखे नसतात. म्हणून फ्रीकसारख्या संचात एकाच बॅरलमध्ये घालायच्या वेगवेगळ्या नळ्या येतात, ०.६७९ पासून ०.६९५ इंचापर्यंत आठ. दोन लागोपाठच्या नळ्यांमध्ये फरक ०.००२-०.००३ इंचाचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीएवढा.

पेंट कोणत्या नळीला जुळतो हे बघायची रीत जुनी आणि सोपी आहे. बॅरल मार्करवरून काढा. हे आधी, बाकी सगळं नंतर. मार्करला लावलेल्या बॅरलच्या तोंडाशी स्वतःचं तोंड कधीही न्यायचं नाही. काढलेल्या बॅरलच्या मागच्या टोकात बॉल ठेवा. तो स्वतःच्या वजनाने घरंगळत बाहेर आला तर बोअर मोठा. आत अडकून राहिला आणि जोरात फुंकूनही हलला नाही तर बोअर लहान. अडकून राहिला आणि हलक्या फुंकरीने सुटला तर जुळला. पाच-सहा बॉल घेऊन बघा, एकावरून ठरवू नका. तुमच्या मूळच्या बॅरलमध्ये आजकालचा लहान पेंट घरंगळून जाण्याची शक्यता बरीच आहे, कारण तिचा बोअर सगळ्या प्रकारचा पेंट न फुटता जावा ह्या हिशेबाने ऐसपैस ठेवलेला असतो.

आणि जुळलेल्या बोअरने मिळतं काय? वेग जास्त सारखा राहतो, हवा कमी लागते, टाकीमागे काही बॉल जास्त मिळतात, उंचीतला फरक कमी होतो. डावी-उजवीकडचं वळणं मात्र त्याने फारसं कमी होत नाही, निदान मी तरी पाहिलेलं नाही. ते पेंटच्या आकारावर आणि बॅरलच्या स्वच्छतेवर चालतं. तुमची तक्रार मुख्यतः डावी-उजवीची आहे, म्हणून मी बॅरलला मागे ढकलतोय.

लांबीबद्दलचा समज रायफलवरून आलेला आहे. पेंटबॉलमध्ये हवेचा धक्का बॉलला सुरुवातीच्या आठ-दहा इंचांतच मिळतो. पुढची लांबी वेग वाढवत नाही, उलट घासून कमीच करते. म्हणून १४ इंची बॅरलच्या पुढच्या भागात भोकं पाडलेली असतात, तिथून हवा सावकाश निघून जाते आणि आवाज मऊ होतो. हा फायदा खरा आहे: झाडीत लपलेल्या माणसाची जागा आवाजावरून पटकन कळत नाही. शिवाय लांब नळीने बंकरवरची हवा भरलेली कड किंवा समोरची फांदी बाजूला सारता येते. कधी घेतलीतच तर १२ किंवा १४ इंच घ्या. १६ इंची बॅरल घेऊन बंकरमागे वळताना ती अडकते, आणि त्या बदल्यात हाती काही लागत नाही. रायफलिंगने मात्र गोल बॉलला काही मिळत नाही. गोळीला टोक असतं, पिळामुळे ते टोक पुढे राहतं. बॉलला पुढे ठेवण्यासारखं टोकच नाही, आणि आतला द्रव कवचाबरोबर लगेच फिरतही नाही. खाचांमध्ये रंग मात्र अडकून बसतो आणि पुसायला दुप्पट वेळ लागतो.

टिपमनचीच फ्लॅटलाइन ही वेगळी चीज आहे. ती वाकडी असते, बॉलला मागच्या दिशेने पीळ देते, त्यामुळे बॉल जास्त लांबपर्यंत सपाट जातो. पल्ला वाढतो हे खरं. पण पल्ला म्हणजे अचूकता नव्हे, आणि मऊ किंवा ठिसूळ पेंटशी तिचं जमत नाही. शेपटीला पंख असलेले फर्स्ट स्ट्राइकचे राउंड खरोखर अचूक जातात, कारण ते गोल नसतात आणि उडताना फिरत राहतात. पण ते हॉपरमधून जात नाहीत, एकेक राउंड साध्या बॉलच्या कितीतरी पट महाग असतो आणि काही फील्डवर चालत नाहीत. तुमच्या ९८ साठी हा रस्ता आत्ता तरी सोडून द्या.

तर येत्या रविवारी असं करा. घरी बॅरल आणि ब्रीच धुऊन कोरडी करा, लॅच बदला, मागच्या बोल्टच्या ओ-रिंगला तेलाचं बोट लावा. फील्डवर मधल्या दर्जाचा ताजा पेंट घ्या, टेबलावर लोटून बघा. क्रोनोग्राफवर दहा आकडे लिहा. मग तीस मीटरवरच्या एखाद्या झाडाच्या किंवा रिकाम्या बंकरच्या एका खुणेवर, मार्कर कशावर तरी टेकवून, वीस बॉल मारा. टेकवणं महत्त्वाचं आहे, नाहीतर हाताचा हलका झटका तुम्ही बॅरलच्या नावावर लिहाल. ९८ चा ट्रिगर जड आहे, नवा खेळाडू तो ओढताना मार्करच उजवीकडे ओढतो. डाग कुठे पडतात त्याचा फोटो काढून ठेवा. एवढं करून डाग फूट-दीड फुटाच्या घेरात आले तर बॉलकडून त्याहून फार जास्त मिळणार नाही, ते समाधानाने घ्या. डावी-उजवी दोन-तीन फुटांची फेक तशीच राहिली तर बॅरल काढून सपाट पृष्ठभागावर लोटून बघा, ती वाकलेली तर नाही ना. पडलेल्या मार्करच्या बॅरलचं असं होतं, क्वचित. वाकलेली निघाली तर ती बदलणं आलंच.

आणि हे सगळं झाल्यावरही बॅरल घ्यावीशी वाटली तर जरूर घ्या, मी अडवणार नाही. मार्कर शांत होतो, हवा वाचते, हातात घ्यायला आनंद वाटतो, ह्याही गोष्टी खेळात मोजायच्या असतात. फक्त आट्यांकडे लक्ष द्या. ९८ च्या बॅरलच्या आट्या वेगळ्या, टिपमनच्याच ए-५ च्या वेगळ्या, ऑटोकॉकर आणि स्पायडर ह्या दुसऱ्या मार्करच्या आणखी वेगळ्या. दोन्ही टिपमनच ना, म्हणून ए-५ ची बॅरल घेऊन आलेले बरेच जण मी पाहिलेत. बळेच फिरवलीत तर मार्करच्या आट्या जातात. पुढेमागे मार्कर बदलणार असाल तर ऑटोकॉकर आट्यांची बॅरल आणि ९८ ला लावायचा ॲडॉप्टर घ्या, म्हणजे बॅरल नव्या मार्करलाही चालेल. शक्य असेल तर बदलत्या नळ्यांचा संच वापरलेला शोधा. आठही नळ्यांची गरज नसते, ०.६८२ ते ०.६८९ मधल्या दोन-तीन पुरतात. धातू कोणता, बाहेरची नक्षी कोणती, भोकं सरळ रेषेत की नागमोडी, ह्यावर एक डॉलरही जास्त देऊ नका.

नवी बॅरल लावल्यावर पहिला बॉल क्रोनोग्राफवरच मारा. घट्ट बोअरमुळे हवा निसटत नाही आणि वेग कमी-जास्त करायच्या त्याच स्क्रूवर, त्याच टाकीवर वेग एकदम वाढलेला असतो. कालपर्यंत २७५ ने मारणारा मार्कर आज ३०० च्या वर गेलेला मी माझ्या टेबलाशेजारी पाहिलाय, आणि त्या मुलाला त्याचा पत्ताही नव्हता. स्क्रूने वेग मर्यादेखाली आणा, दहा आकडे पुन्हा लिहा, बॅरलवर कव्हर चढवा आणि मगच मैदानात या. ते आकडे आणि वीस बॉलचा फोटो इथे टाकलात तर पुढचं आपण बघून ठरवू.